आतेची खिडकी

जामसंड्यात कुणी "परशुरामानं बहिणीची किती सेवा केली" म्हटलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परशुराम म्हणजे माझे बाबा. बहीण म्हणजे जानकीआते. तिचा नवरा गलबतावर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून ती आमच्याकडे. आंब्याच्या दिवसांत ती हापूसच्या पेट्या भरायची. फटी बुजवून पेटी भरणाऱ्याची भर खळ्यात हजेरी घ्यायची. कोंडला की आंबा नासतो, हे तिचं ठाम मत.

बासष्ट साली तिला काविळीनं धरलं. पुढे पोट फुगलं, अंगाला खाज सुटली, झोप उडाली. आमच्याकडे आजारी माणसाला वारा लागू देत नाहीत. बाबांनी खिडकीत गोधडी कोंबली, उशाशी निखाऱ्यांची शेगडी ठेवली. गणपतीला आलेले चाकरमानी उरलीसुरली औषधं आमच्याकडे एका डब्यात ठेवून जात. त्या डब्यातली झोपेची गोळी बाबांनी तिला दिली. मुंबईची गोळी म्हणजे जणू देवाचा अंगारा!

आते झोपली ती दुसऱ्या दिवशीही धड उठेना. डोळे उघडले की बरळायची. बरळते म्हणून पुन्हा गोळी.

शेवटी देवगडचे डॉक्टर आले. त्यांनी आधी शेगडी बाहेर काढायला लावली, खिडकी उघडली. "औषधाचा निचरा करायचं काम यकृताचं," ते बाबांना म्हणाले, "आणि त्याला प्राणवायू लागतो. चुलीला वारा नसला की लाकूड नुसतं धुमसतं ना? यांचं यकृत आधीच दुबळं, त्यात तुम्ही हवा कोंडलीत. पहिली गोळी अंगात तशीच आहे आणि तुम्ही दुसरी देताय. आता एकही द्यायची नाही."

आते हळूहळू शुद्धीवर आली. पेज प्याली. पण शेजारची हौसाबाई दारातूनच म्हणाली, "वारो लागात गो तिका!" झालं. बाबा गोधडी घेऊन उठले.

"परशुराम, खिडकी लावू नको रे," आते म्हणाली. "आंब्याक वारो लागता, आणि माका नको?"

"गप पड गो. तू तळमळतस ता माका बघवना नाय," म्हणत बाबांनी डबा उघडला. मी त्यांचा हात धरला, तर माझ्यावरच ओरडले.

त्या गोळीतून आते उठली नाही. "झोपेत गेली, भाग्यवान," म्हणत गाव जमलं. भाग्य कसलं डोंबलाचं? मारलं तिला, मायेनं मारलं!

बाराव्याला त्याच खोलीत पंगत बसली. पाहुण्यांना उकडायला नको म्हणून बाबांनी स्वतःच्या हातानं खिडकी उघडली.