अक्काची उत्तरपत्रिका

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा आमच्या शहाण्यांनी लय मजा करून घेतली. नवरा म्हणाला, "आधी स्वतःचं डोकं तपासून घे." मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या बाया स्टाफरूममध्ये खिदळल्या. मी मनात म्हटलं, हसा. तुमची अक्कल गाईडच्या पुढं कधी गेलीय?

कॉलेज परभणीतच. पटावर चाळीस, वर्गात सहा. सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचायचे. एकच पान दोनदा वाचलं तरी ना त्यांना पत्ता, ना पोरांना. आणि प्रयोगवह्या तर काय वर्णाव्यात! प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर चाचणी घ्यायची तो माणूस, सगळ्यांचा एकच: पुरुष, वय एकवीस, शिक्षण बी.ए. गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेला. त्या वर्षीच्यांनी त्याच्या आधीच्या वहीतून. माझ्या लेकीपेक्षा लहान पोरं मला समजावायची, "मॅडम, कशाला एवढं करायलात? आमची वही घ्या की." शी! मला किळस यायची. मला खराखुरा माणूस पाहिजे होता.

म्हणून पोखर्णीला गेले. तिथं माझी थोरली जाऊ राहते, तिला आम्ही अक्का म्हणतो. मन किती उदास आहे ते मोजायची प्रश्नावली होती. अक्कानं हात पुसले, पदर सारखा केला आणि फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली. झोप लागते का? "न्हाई." रडू येतं का? "आता ते बी येत न्हाई." जगावंसं वाटतं का, यावर तिनं पुन्हा पदर सारखा केला. मग म्हणाली, "असं कुणी इचारलंच न्हाई बघ मला."

बाहेरून थोरले दीर ओरडले, "काय इचारायलीस तिला? नाटकं हायेत सारी! कामाचा कंटाळा, दुसरं काय." त्या माणसाची मला पहिल्यापासून चीड आहे. निघताना अक्का फाटकापर्यंत आली. "काय निघतंय ते सांग बरं का मला," म्हणाली.

निघालं ते वाईटच होतं. आकडा सगळ्यात वरच्या रकान्यात. सरांनी वही बघितली आणि माझ्याकडं सरकवली. "मॅडम, हे नॉर्मल करून आणा."

"पण सर, हे खरंय."

"म्हणूनच म्हणतोय ना. बाहेरचा परीक्षक विचारणार, पुढं काय केलं, कुणाला दाखवलं? कशाला डोक्याला ताप? सही पाहिजे ना तुम्हाला?"

सही नाही तर परीक्षा नाही, वर्ष वाया. अक्काला ज्याच्याकडं न्यायला पाहिजे तो डॉक्टर मला नाही दिसला, अक्का नाही दिसली. स्टाफरूममधलं खिदळणं तेवढं ऐकू आलं. घरी येऊन मी कोरी उत्तरपत्रिका घेतली आणि सुवाच्य अक्षरात भरली. झोप लागते. भूक लागते. जगावंसं वाटतं. प्रात्यक्षिकात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले आणि मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

पुढं नृसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला जाणं झालं. अक्कानं चहा ठेवला. दीर ओट्यावर होते, म्हणून अगदी हळू विचारलं, "काय निघालं गं माझं?"

खरं सांगितलं असतं तर तिनंही विचारलं असतं, मग इतके दिवस तू काय केलंस? ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. ज्यांना मी आयुष्यभर नालायक म्हणत आले, त्यांच्यातलं कुणीही यापेक्षा बरं वागलं असतं.

"सगळं नॉर्मल आहे अक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढी शिकलेली बाई सांगायलीय म्हटल्यावर शंका कशाला घेईल ती?

"मग हे म्हणतेत तेच खरं की गं," ती म्हणाली. "नाटकंच करायले मी."