भर रस्त्यातलं स्वयंपाकघर

महायुद्धात क्योतो शहर वाचलं, याबद्दल कोणाचे तरी आभार मानायची तिथल्या लोकांना फार हौस. फुसाए कितागावाला ती कधीच नव्हती. तिचं घर गोजो रस्त्यावर होतं, आणि ते वाचलं नाही.

ती मुळ्याची लोणची कोंड्यात मुरवून विकायची. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. घर सुतार सासऱ्याने बांधलेलं, आणि स्वतःच्या घराला लाकूड वापरताना त्याने हात आखडला नव्हता. पुढे हीच अडचण झाली.

१९४५च्या उन्हाळ्यात आळीचे प्रमुख ओकुनो दारात येऊन वाकले. एरवी ते तंबाखू विकत.

"फुसाएसान, तुमची रांग पाडायचीय. आग पसरू नये म्हणून सरकारला मोकळा पट्टा हवाय."

"कुठली आग?"

"ओसाका जळलं, कोबे जळलं. आता आपलीच पाळी."

"मग येत का नाही? दोनचार चुकार बॉम्ब सोडले तर इकडे फिरकलंय कोण?"

"आपली देवळं आहेत ना! ती बघून शत्रूसुद्धा हात आवरतो."

"आवरतो ना? मग माझं घर कशाला पाडता?"

ओकुनोंनी थोडा विचार केला. तो मानवला नसावा. "हुकूम आहे," ते म्हणाले.

दोरी ओढायला प्रत्येक घरातून एक माणूस द्यायचा, असा आळीचा नियम. फुसाएच्या घरातून अर्थातच फुसाए. मधला खांब करवतीने अर्धा कापला, दोरी बांधली आणि सगळ्यांनी जोर लावला. घर ढिम्म. पुन्हा जोर लावला, तशी दोरी तुटली आणि अख्खी आळी एकमेकांच्या अंगावर पडली.

"घर आहे की किल्ला!" कोणीतरी ढोपर चोळत कुरकुरलं.

फुसाए सवयीने वाकली. "माफ करा हं, फारच त्रास देतंय." पाहुण्यांसमोर पोर अडून बसावं तसा चेहरा करून तिने सगळ्यांना लोणचं वाढलं. लोणचं खाऊन अंगात बळ आलं, आणि दुसऱ्या दोरीने घर पडलं.

घर पडल्याचं तिला दुःख होतं. पण आपण माफी मागितली, या आठवणीने ती पुढे जन्मभर चरफडली.

ऑगस्टमध्ये हिरोशिमा गेलं, नागासाकी गेलं, युद्ध संपलं. गोजोवर आग आलीच नाही. फुसाए जागा परत मागायला नगरपालिकेत गेली.

"तिथे रस्ता होणार," कारकून म्हणाला.

"पट्टा आगीसाठी होता ना?"

"आता मोटारींसाठी आहे."

तिने समोरच्या बाजूला खोली घेतली आणि दर वसंतात जाऊन जागा मागत राहिली. कारकून बदलले, उत्तर तेच.

कितीतरी वर्षांनी म्हातारे ओकुनो वर्तमानपत्र घेऊन धापा टाकत आले. "ऐका! अणुबॉम्ब कुठे टाकायचा हे ठरवायला तिकडे अमेरिकेत मंडळी बसली होती. आपलं शहर त्यांच्या अगदी पसंतीचं! रेल्वेच्या इंजिनशेडवर नेम धरणार होते."

"म्हणजे इथून हाकेवर."

"तर! आणि बॉम्बने नेमकं काय मोडतं ते नीट मोजता यावं, म्हणून साधे बॉम्ब टाकायला मनाई. शहर अख्खं हवं होतं त्यांना. पुढे तिकडच्या एका बड्या मंत्र्याने हट्टाने आपलं नाव काढायला लावलं."

फुसाएने मुळ्यावरचा दगड खाली ठेवला. "म्हणजे शत्रूने माझं घर जपलं, आणि पाडलं तुम्ही."

"अहो, पण बॉम्ब पडला असता तर तसंही..."

"पडला असता तर मला माफी तरी मागावी लागली नसती! आणि आपल्या जागी कोणाचं नाव घातलं?"

ओकुनोंनी कागदाची घडी केली. "नागासाकी."

फुसाएने दगड पुन्हा मुळ्यावर ठेवला. मग ओकुनो चाचरत म्हणाले, "आळीने त्या मंत्र्याच्या आभाराची सभा ठरवलीय. तुमचं लोणचं मिळालं तर..."

"आळीने माझं लोणचं एकदा खाल्लंय."

ती तरातरा उठली आणि वसंत नसतानाही नगरपालिकेकडे निघाली. ओकुनो मागोमाग. गोजो आता इतका रुंद की म्हाताऱ्या पायांना एका सिग्नलमध्ये ओलांडता येत नाही. मधल्या दुभाजकावर फुसाए थांबली. चूल इथेच होती. दिवा हिरवा झाला, ओकुनो पुढे पलीकडे गेले; लाल झाला, पुन्हा हिरवा झाला.

"चला ना फुसाएसान," ओकुनो पलीकडून ओरडले, "किती वेळ उभ्या राहणार मध्येच?"

"मध्येच कुठे? घरात उभी आहे," ती ओरडली. "आणि या खेपेला माफी तुम्ही मागायची!"

ओकुनोंनी इकडेतिकडे पाहिलं. मग भर गर्दीत, मोटारींच्या पलीकडून, ते वाकले.

"अजून खाली," फुसाए म्हणाली.