चष्म्यासगट पास झालेली

शाळेच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते, तेव्हा मिलिंदचा फोन आला. मिलिंद म्हणजे प्रज्ञाचा धाकटा भाऊ. नांदेडच्या दवाखान्यातून बोलत होता. ताईचा डेंग्यूचा ताप उतरलाय, आता सोडतील, असं आदल्या दिवशीच त्यानं कळवलं होतं. म्हणून मी फोन उचलताच विचारलं, "सोडलं का रे?" तो म्हणाला, "ताई गेली..." मला वाटलं, घरी गेली. मी म्हणाले, "बरं झालं." पलीकडून त्याचं रडणं ऐकू आलं तेव्हा कुठं अर्थ लागला. त्या गोष्टीला आता दीड-दोन महिने होत आले, पण ते "बरं झालं" अजून मला परत घेता आलेलं नाही.

प्रज्ञा माझी नांदेडच्या होस्टेलातली खोलीसोबतीण. मुदखेडची. वडील रेल्वेत रूळ सांभाळणारे, आई घर सांभाळणारी. शाळेत फळा दिसेना म्हणून लागलेला चष्मा तिच्या नाकावर कायमचा बसलेला. आम्ही बाकीच्या मुली पहाटे गोधडीत गुरफटलेल्या असताना ही मैदानावर पळत असायची. चष्मा पडू नये म्हणून परकराचं इलॅस्टिक काढून दोन्ही काड्यांना बांधलेलं. मुली हसायच्या. ती म्हणायची, "हसा. फौजेत अफसर झाले की सलाम ठोकताना दात दिसू देऊ नका." आणि खरंच झाली निवड. मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर पाहिला, नियमात बसतो म्हणाले, आणि ती पास झाली. नियमानं चष्म्याला कुणाचीच हरकत नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं सगळे हेच विसरले.

मुदखेडला सत्कार ठेवला होता. स्टेशनजवळच्या चौकात तिचं भलंमोठं बॅनर. त्यावर तिचा फोटो होता, पण कॉम्प्युटरवर कुणीतरी चष्मा पुसून टाकलेला. प्रज्ञा खदखदून हसली, मला म्हणाली, "अलके, ही कोण हाय गं? वळखायली का तू?" तिचे वडील, म्हणजे काका, मात्र हसले नाहीत. बॅनर लावणाऱ्या मंडळाच्या पोरांना म्हणाले, "चष्म्यासगट पास झालीय माझी लेक. तुम्ही चष्मा कामून काढला?" पोरं म्हणाली, अफसराला चष्मा शोभत नाही, काका.

अकादमी दूर, दक्षिणेत. तिकडं घाम आणि पाऊस दोन्ही सतत. चष्म्यावर वाफ धरायची, चिखलातून सरपटताना काचा बरबटायच्या, दोरावरून उतरताना एक चष्मा खाली पडून फुटला. सोबत नेलेला दुसरा झटापटीत वाकला. एक उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारा, सगळ्यांसमोर म्हणायचा, "मॅडम, चश्मा सँभालोगी या राइफल?" कागदावर चष्मा चालत होता, मैदानावर चालत नव्हता. वरच्या तुकडीतल्या मुलींनी सल्ला दिला, लेन्स घाल, आम्ही सगळ्या घालतो. तिनं सुट्टीच्या दिवशी शहरात जाऊन लेन्स करून घेतल्या. त्या आठवड्यातला तिचा फोन मला लख्ख आठवतो. "अलके, पळताना झाडाचं पान न् पान दिसायलंय गं! मला वाटायचं, पळताना सगळ्यांनाच धुरकट दिसतं..." इतकी आनंदी ती मला आधी आणि नंतर कधीच वाटली नाही. पळण्यात मागे राहणारी मुलगी पुढच्या रांगेत आली. उस्तादही शाबासकी देऊ लागला.

मग जंगलातला कॅम्प आला. अंगावर ओझं, झोप नाही, हात धुवायला धड पाणी नाही. लेन्स काढायची तर चिखलाच्या बोटांनी काढायची, आणि काढून ठेवायची कुठं? तिनं ती डोळ्यातच राहू दिली. उजवा डोळा लाल झाला, मग ठणकायला लागला. सोबतच्या मुलीनं सांगितलं, डॉक्टरांकडे जा. पण कॅम्पमधून आजारी म्हणून जो बाहेर पडतो तो मागच्या तुकडीत जातो, हे तिथं सगळ्यांना पाठ. पुन्हा तेच सगळं, आपल्याहून नव्या मुलींबरोबर, आणि कपाळावर कच्चेपणाचा शिक्का. प्रज्ञानं बाटलीतलं पाणी डोळ्यावर मारलं आणि कॅम्प पुरा केला. रायफल खांद्यावर घेऊन सगळ्यांबरोबर चालत परत आली. तोवर बुबुळावर जखम झाली होती. जंतू आत शिरले होते. लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जिवापाड प्रयत्न केले, जखम भरली, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. ज्या डोळ्यानं नेम धरायचा तोच डोळा. अफसर म्हणून कमिशन मिळायला थोडेच आठवडे उरले असताना तिला घरी पाठवलं. कारण लिहिलं : स्वतःचा निष्काळजीपणा. प्रशिक्षणाशी संबंध नाही.

गावानं आपल्या परीनं निकाल लावला. कुणी म्हणालं झेपलं नाही, कुणी म्हणालं पळून आली. सत्कारात हार घालणारी माणसं रस्त्यात तिचा डोळा निरखून बघायची आणि दुसऱ्याच विषयावर बोलायची. ती माझ्याकडं लातूरला निघून आली आणि माझ्या घराच्या वरच्या खोलीत राहिली. तिथून तिनं भांडण सुरू केलं. नोकरी परत द्या असं ती म्हणत नव्हती. 'निष्काळजीपणा' हा एक शब्द काढा, एवढंच मागत होती. वकील झाले, दिल्लीच्या फेऱ्या झाल्या. दर वेळी उत्तर एकच यायचं, आधीचा निर्णय योग्य आहे. एकदा मी कंटाळून म्हणाले, "पण प्रज्ञा, तू लपवलं होतंस, हे तर खरं ना?" तिनं माझ्याकडं पाहिलं. तो पांढरा डाग उजेडात चमकायचा. म्हणाली, "हाव, लपवलं. पर दुखलं म्हणून सांगितलं की मागं टाकतेत, हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांचं नाव त्या कागदावर कामून न्हाई?" याचं उत्तर दिल्लीवाल्यांना कधी द्यावंच लागलं नाही.

लातूरला तिनं फौजेच्या निवडीची तयारी करणाऱ्या मुलींची बॅच सुरू केली. रेणापूरच्या, औशाच्या, पार देगलूरकडच्या तेलुगू मिसळून बोलणाऱ्या मुली यायच्या. निम्म्या चष्मेवाल्या. पहिला धडा पळण्याचा नसायचा, साबणानं हात धुण्याचा असायचा. दुसरा धडा, दुखलं की सांगायचं. "मोडायच्या आधी सांगा गं पोरींनो," हे तिचं पालुपद. तिनं शिकवलेल्या दोन मुली अफसर झाल्या, चष्म्यासकट.

आणि स्वतःला ताप आला तेव्हा? मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. म्हणाली, "काही न्हाई गं, अंग कसकसायलंय जरा." गोळी गिळून मैदानावर गेली. रोज गेली. मी रागावले तर मुदखेडला निघून गेली, आईच्या हातचं खाल्लं की बरं वाटेल म्हणे. तिथं अंगणात कोसळली. ताप उतरल्यावरच रक्तदाब ढासळला आणि ती गेली, असं सांगून नांदेडच्या डॉक्टरांनी मिलिंदला विचारलं, इतके दिवस बाई बोलल्या कशा नाहीत? मला आता वाटतं, अकादमीनं तिला बाकी सगळं अर्धवट शिकवून परत पाठवलं. एवढी एकच गोष्ट पुरती शिकवली.

मुदखेडच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिला श्रद्धांजली वाहण्याचा, कार्यक्रम झाला. दारातच बॅनर. पुन्हा तोच चष्मा पुसलेला फोटो, आणि खाली नाव : लेफ्टनंट प्रज्ञा. ती लेफ्टनंट कधी झालीच नव्हती. जिवंतपणी "पळून आली" म्हणणाऱ्यांनीच मेल्यावर तिला हुद्दा देऊन टाकला होता. काका बॅनरखाली उभे राहून ते वाचत होते. मंडळाचा एकजण म्हणाला, "मान म्हणून लिवलं, काका." काका शांतपणे म्हणाले, "जेवढी व्हती तेवढीच लिवा की रे. तेवढी बी लई व्हती." कुणी काही बदललं नाही. भाषणं सुरू झाली.

वरची खोली मी तशीच ठेवली आहे. तिथं खिडकीशी एक लाकडी खुर्ची आहे. कुणाचा डोळा जरा लाल दिसला की प्रज्ञा त्या मुलीला त्या खुर्चीत बसवायची आणि हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं फिरवायची. मुली अजूनही अभ्यासाला येतात. मैदानावर आता दुसरे सर शिकवतात. परवा वर गेले तर रेणापूरची श्रावणी त्या खुर्चीत एकटीच बसलेली, डाव्या डोळ्यावर ओला रुमाल. मी रुमाल बाजूला केला. डोळा लालभडक.

"कधीपासून?"

"तीन-चार दिवस झाले. सरांना सांगू नका, मॅडम. सर सराव बंद करतेत. माझी तपासणी जवळ आलीय."

"प्रज्ञा मॅडमनी काय शिकवलं होतं?"

"दुखलं की सांगायचं म्हणून."

"मग?"

ती मग हळूच म्हणाली, "मॅडमनी तरी कुठं सांगितलं?"

मी हनुवटीला धरून तिचा चेहरा खिडकीकडं फिरवला. मग खाली जाऊन गाडीची चावी घेतली आणि तिला डॉक्टरांकडं घेऊन गेले. वाटेत ती मागं बसून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती... सरांना सांगू नका.