युनूसचाचांच्या भिंतीवरचा रिकामा खिळा

बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गुरुवार उजाडला की त्यांच्या अंगात सुट्टी संचारते. आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्या गुरुवारी बंद असतात ना, त्या सवयीचा हा परिणाम. अशाच एका गुरुवारी चहा पिताना म्हणाले, “युनूसनं बापलेकांची भिंत पुरी केलीय. चल, बघून येऊ.” युनूसचाचा म्हणजे बाबांचे भोसरीच्या कंपनीतले दोस्त, साचे बनवणारे कारागीर. मी वाकडच्या ऑफिसात रजा कळवली आणि स्कूटर काढली.

सांगवीहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण गाठायचं. एरवी या रस्त्यावर माणूस म्हातारा होतो, पण गुरुवारी सकाळी आठच्या आत निघालात तर तासाभरात पोचता. मोशीत मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत होता आणि पाव गरम. बाबांनी दोनदा तर्री मागितली आणि “आईला सांगू नकोस,” म्हणून मला दम दिला. पुढे तळेगाव चौकातून आंबेठाण रस्त्याला वळलो, की कंपन्यांच्या भिंतींमध्ये अधूनमधून कांद्याचं शेत दिसू लागतं. तिथेच एका वळणावर चाचांचं घर आहे आणि घराला चिकटून पत्र्याची छोटी वर्कशॉप.

भिंत वर्कशॉपमध्येच आहे. बाप आणि मुलगा दोघांनाही आपापल्या देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालंय, अशा जोड्या जगात अगदी मोजक्या. चाचांनी फोटो बघून त्यांची पदकं पितळेत घडवलीत आणि जोडीजोडीनं टांगलीत. आकारानं मुद्दाम मोठी, मागे ‘नक्कल’ असा ठसा. प्रत्येकाखाली मराठीत पाटी, सुवाच्य अक्षरात. खरं सांगतो, मी तिथे तासभर खिळून राहिलो.

“पयली चार आरशावानी चमकवली व्हती,” चाचा म्हणाले. “मग इम्रान सुट्टीवर आला आन् हसायलाच लागला. म्हनला, अब्बा, आसली पदकं काशाची असत्यात, मंद दिसत्यात. आता तीस वर्सं आमी चमक न्हाई म्हनून माल रिजेक्ट केलेला. हात ऐकंना. मुद्दाम काळपट करायला दोन महिने गेले बघ.”

“तरी त्या कोपऱ्यातलं चमकतंय,” बाबा म्हणाले.

“तुझी नजर काय रिटायर व्हत न्हाई राव.”

इम्रान हा चाचांचा एकुलता एक मुलगा, फौजेत आहे, सध्या सरहद्दीवर. भिंतीच्या शेवटी आपलं परमवीरचक्र होतं, एकच. त्याच्या शेजारी एक खिळा रिकामा होता. आपल्याकडे अशी बापलेकांची जोडी अजून झालेली नाही, म्हणून चाचांनी ती जागा मोकळी सोडली होती. मला मात्र भलतंच सुचलं. चहा घेऊन आलेल्या चाचींसमोरच मी म्हणालो, “ही जागा इम्रानसाठी ठेवलीय वाटतं?”

चाचा कौतुकानं हसले. चाचींनी ट्रे ऐरणीवर ठेवला.

“पाट्या वाचल्या का तू?” त्यांनी मला विचारलं.

“वाचल्या.”

“पोरांच्या नावाम्होरं काय लिवलंय, त्ये पन वाचलं?”

मी पुन्हा पाहिलं. बऱ्याच मुलांच्या नावापुढे ‘मरणोत्तर’ होतं. मघाशी मी तारखा आणि देश बघत होतो, तो शब्द माझ्या डोळ्यांखालून तसाच गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“येनारा जानारा ह्येच इचारतो,” चाची म्हणाल्या. “दोनदा रजा रद्द झाली त्याची. मला पदक नको. मला पोरगं घरात पायजे, इथं पसारा करून बसलेलं.”

चाचांचं हसू मावळलं. ते उठले, पक्कड घेतली आणि खिळ्यापाशी गेले. पण चाचींनीच त्यांचा हात धरला. “ऱ्हाऊ द्या. देशाची जागा हाय ती. फकस्त त्याचं नाव लावू नगा कुनी.”

नंतर जेवायला मटण, बाजरीची भाकरी आणि कांदा. चाचींनी मला आग्रह करकरून वाढलं, त्यामुळे जास्तच शरम वाटली. परतताना संग्रामदुर्ग बघायचा बेत होता, तो राहून गेला. तुम्ही गेलात तर जरूर बघा, चाकण गावातच आहे. इंद्रायणीच्या पुलावर मागे बसलेल्या बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. एरवी ते मागची कडी धरून बसतात.

हे सगळं लिहायला मला दीड महिना लागला. चाचा-चाचींची परवानगी घेतली, तरी शेवट काय करावा ते कळत नव्हतं. काल संध्याकाळी बाबांच्या मोबाइलवर चाचींनी फोटो पाठवला. तीच भिंत, सगळी पदकं मंद, कोपऱ्यातलं एक अजून चमकणारं. आणि रिकाम्या खिळ्यावर एक ओला टॉवेल वाळत घातलेला.

खाली चाचांचा आवाजी निरोप होता: “बघ रं, आल्या आल्या पसारा. पितळेला डाग पडतील म्हनून सांगितलं, तर ह्याची आई टॉवेल काढू दीना.”

बाबांनी तो निरोप चार वेळा ऐकला.