नापासबाई

स्वतःच्या मुलीला चौथीत नापास केल्यापासून बाईंचं नाव ‘नापासबाई’ पडलं. मुलीने घरी रडून गोंधळ घातला. “घरी मी आई, शाळेत बाई,” एवढंच त्या म्हणाल्या आणि तिला पुन्हा अक्षरं गिरवायला बसवलं.

हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत, त्यांचा एकच हट्ट होता. पाचवीतून बाहेर पडणाऱ्या पोराला न पाहिलेलं पान वाचता आलं पाहिजे. कुणी धडा घडाघडा म्हणू लागलं की बाई पुस्तक मिटत आणि भज्यांच्या पुडीचा कागद पुढे करत. “हे वाच. हे कुणी पाठ करून येत नाही.”

पाचवीतल्या सुमन नावाच्या मुलीला तो कागद वाचता आला नाही. बाईंनी तिला पाचवीतच ठेवलं. शाळा उघडली, पण सुमन आलीच नाही. बाई तिच्या घरी, गावातल्याच लालबाग मोहल्ल्यात गेल्या.

“नापास झाली, तर कापडाच्या लूमवर कामाला लावली,” तिचा बाप म्हणाला. “पास केली असती तर अजून दोन साल शिकली असती.”

“पण तिला वाचताच येत नाही हो!”

“तर मग शिकवायचं होतं ना, बाई!”

पुढे कुणालाच नापास करायचं नाही, असा सरकारचा हुकूम आला. बाकीचे मास्तर कुरकुरले, बाईंना मात्र सुटल्यासारखं वाटलं. त्या सगळ्यांना पास करत गेल्या.

मी त्याच शाळेत मास्तर होऊन आलो, त्या वर्षीची गोष्ट. बाईंचा एक बारावी पास विद्यार्थी बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. बाईंना चष्मा सापडेना. “वाच रे तूच.”

तो ओशाळून हसला. “मराठी जमत नाही, बाई.”

“हिंदी?”

“ते पण थोडं थोडंच.”

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, “सुमनला थांबवलं, तर तिची शाळाच सुटली. ह्याला सोडलं, तर हा कोराच राहिला. मग मी करायचं तरी काय होतं?”

निवृत्तीनंतर बाई मुलीकडे इंदूरला निघाल्या, तेव्हा मी भेटायला गेलो. “तू काय करतोस? पास की नापास?”

“पास करतो. आणि शाळा सुटल्यावर वाचायला बसवतो.”

“थांबतात पोरं?”

“दोन मुली थांबतात.”

“दोन,” बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.