माइक घेऊन आलेली मुलगी

राजारामपुरीतल्या खानावळीत मी भाकऱ्या करायचे, तेव्हाची गोष्ट. केबलवर गावचं चॅनेल नुकतंच सुरू झालं होतं. एक दिवस केसांत पेन खोचलेली एक मुलगी माइक घेऊन आली. कष्टकरी बायकांच्या कार्यक्रमासाठी तिला माझी मुलाखत हवी होती. मी लाजून मान खाली घातली आणि थापत राहिले. ती गेली नाही. माइक ठेवून शेजारी बसली आणि तव्यावरच्या भाकरीला पाणी लावू लागली. बोटं भाजली की फुंकर घालायची, पुन्हा लावायची.

मला तिचंच नवल वाटलं. “घरची सोडत्यात व्हय गं तुला?”

“आई सोडती. बाबा बोलत न्हाईत माझ्याशी. हे पहिलंच काम हाय, मावशी. मी टीव्हीवर दिसले तर बोलतील की.”

मी पदर सावरला. म्हटलं, “विचार, काय विचारायचंय ते.”