डाव्या बोटाचं नख

आमच्या दुकानात दगड विकला जातो. नुसता नव्हे, नैसर्गिक दगड. पाटीवर मालकांनी 'नैसर्गिक' हा शब्द 'दगडा'पेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलाय, जणू बाकीचे दुकानदार दगड घरी विणून आणतात. मालकांच्या स्वतःच्या घरात मात्र दगडासारख्या दिसणाऱ्या छापील फरश्या आहेत. दर चौथ्या फरशीवर तीच रेघ, त्याच जागी. मालकीणबाई म्हणतात, पुसायला बरं पडतं.

मी दुकानाचा टेम्पो चालवतो. गिऱ्हाइकाकडे दगड पोचवायचा हे माझं काम, आणि दगड पोचल्यावर गिऱ्हाइकाचं जे डोकं फिरतं ते ताळ्यावर आणायला काकांना पोचवायचं, हेही माझंच काम. काकांना सगळे शीरकाका म्हणायचे. सव्वीस वर्षं त्यांनी दुकानात एकच गोष्ट केली. लोकांनी दगडावरची रेघ दाखवून 'तडा आहे' म्हणायचं आणि काकांनी 'शीर आहे' म्हणायचं, म्हणजे दगडाची जन्मापासूनची रेघ.

आता लोकांचंही सांगतो. त्यांना निसर्ग हवा असतो, पण इस्त्री केलेला. दुकानात हातभर तुकडा बघून म्हणतात, अगदी असाच द्या. सगळ्या लाद्या अशाच. डोंगराने शिंप्यासारखं माप घेऊन दगड शिवावा अशी अपेक्षा. मग लादी घरी गेली, बसली, वर प्रकाश पडला, की रेघ दिसते आणि दुकानात फोन येतो.

काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचे. चहा नको म्हणायचे आणि मग प्यायचे. रेघेकडे बघून आधी हसायचे, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं. "ही पृथ्वीच्या पोटात तयार झाली," असं सुरू करायचे. "तेव्हा माणूस नव्हता, घर नव्हतं, तक्रार तर नव्हतीच." एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हे ऐकून न्हाणीघरातल्या लादीची मनापासून माफी मागितलेली मी पाहिली आहे.

त्यानंतर व्हायची परीक्षा. ही परीक्षा खरी आहे, काकांनी काढलेली नाही. रेघेवरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर तडा, सरळ गेलं तर शीर. काका डाव्या हाताची तर्जनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर उभी धरायचे, रेघेवरून फिरवायचे, आणि बोट लोण्यावरून गेल्यासारखं पलीकडे जायचं. एकदाही अडकलं नाही. कसं अडकणार? त्या बोटाला नखच नव्हतं. किल्ल्यांच्या जुडग्यात काकांचं नेलकटर असायचं आणि रोज सकाळी टेम्पोत बसल्या बसल्या ते तेवढं एकच नख मांसापर्यंत कापायचे. गिऱ्हाईक रेघेकडे बघतं, नखाकडे कोण बघतो?

उजव्या तर्जनीचं नख मात्र चांगलं वाढवलेलं होतं. ते माल घेताना. दगड कापणाऱ्या कारखान्यात काका गेले की तिथले लोक संशयाच्या लाद्या मागे सरकवायचे. केमिकल भरून, घासून, चकाचक करून लपवलेला तडाही ते नख शोधायचं. शंका उरलीच तर काका लादीवर तांब्याभर पाणी ओतून थांबायचे. सगळी लादी वाळते, तडा तेवढा ओला राहतो. तडा सापडला की लादी निम्म्या भावात घ्यायची आणि पाठीवर खडूने लिहायचं, 'फक्त जमीन', म्हणजे ती फरशीलाच वापरायची.

मी एकदा विचारलं होतं, काका, झोप लागते का? ते म्हणाले, "अरे, खाली सिमेंट भरून बसवलेली लादी. तिला तडा असला काय, नसला काय. बसलेला माणूस कधी पडतो का?"

मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू?

शेवटी गिऱ्हाइकाने एका कागदावर सही करायची. कागद छापील होता. 'सदर रेघ ही नैसर्गिक शीर असल्याचे मला समजावून सांगण्यात आले व माझे पूर्ण समाधान झाले आहे.' समाधान झालं नसेल तर काय लिहायचं, याला कागदावर जागा नव्हती.

काकांच्या मुलीने पाळणाघर काढायचं ठरवलं. दोन मजल्यांचं छोटं घर तिने भाड्याने घेतलं, खाली खेळायची खोली, वर दुपारी झोपवायची. घरमालक हौशी माणूस. त्याने जिना नव्या पद्धतीचा करून घेतला, पायरीचं एक टोक भिंतीत आणि दुसरं हवेत, खाली आधार काही नाही. दगड आमच्याच दुकानातून गेला, कारण मुलीने त्याला सांगितलं होतं की तिथे माझे बाबा आहेत, फसवणार नाहीत.

सोमवारी पाळणाघर उघडणार होतं. आदल्या गुरुवारी सकाळी दुकानात तक्रारीची चिठ्ठी आली, खाली मुलीचं नाव. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि टेम्पोत बसून नेहमीसारखं नख कापलं.

मुलगी दारातच होती. काका म्हणाले, "घरी का नाही बोललीस?"

"घरी तुम्ही दमून येता. आणि पायरी काही तुम्ही नाही विकलीत, दुकानाने विकली."

सातवी पायरी. मधोमध एक तिरपी रेघ, टोकाला चिमणीच्या पायासारखे तीन फाटे. ती बघताच मी ओळखली. ही लादी कारखान्यात मीच दोरीने बांधली होती. काकांचं उजवं नख या रेघेत अडकलेलं मी पाहिलं होतं, पाठीवर 'फक्त जमीन' लिहिताना खडू मोडला होता. दुकानात पायऱ्या कापणाऱ्याने पाठ बघितली नाही, किंवा बघून मालकांना विचारलं असेल.

काकांनीही ओळखली. रेघ बघून ते नेहमीसारखे हसले नाहीत, त्यावरून मला कळलं. पण सव्वीस वर्षांची सवय, तोंड आपोआप सुरू झालं. पृथ्वीचं पोट झालं, माणूस नव्हता हे झालं. तक्रार नव्हती, हे तेवढं गाळलं. मग डावी तर्जनी वर आली, रेघेवरून फिरली आणि पलीकडे गेली.

"शीर आहे," काका म्हणाले.

मुलीने मोठा श्वास सोडला. "सुटले बाबा. मी काल जिना पुसला ना, तर सगळ्या पायऱ्या वाळल्या, ही रेघ तेवढी ओलीच राहिली. रात्रभर डोक्यात तेच. तेरा पोरं चढणार-उतरणार, आणि त्यात माझी छकुली. पण तुम्ही बघितलंत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आणा तो कागद."

तिने कागद भिंतीवर धरून सही केली. नीट वाचूनसुद्धा बघितला नाही. मला तिचा राग आला, मग काकांचा आला, मग माझा स्वतःचा आला, कारण मीही तोंडाला कुलूप लावून उभा होतो.

काका टेम्पोत येऊन बसले. मी गाडी सुरू केली. कोपऱ्यावर वळलो तसे ते म्हणाले, "थांब जरा."

"काही राहिलं का?"

"मागे घे."

मी मागे घेतली. मुलगी खालच्या खोलीत छोट्या खुर्च्या मांडत होती. काका तिच्याशी काही न बोलता सातव्या पायरीशी गेले आणि उजव्या बोटाचं नख रेघेवर ठेवलं. ते अर्ध्यातच अडकलं. काकांनी जोर लावला तेव्हा नखाचं टोकच तुटून आत राहिलं.

"तडा आहे," काका म्हणाले. "तू हिच्यावर कुणाला चढवू नकोस. स्वतःही चढू नकोस."

मुलगी हातात खुर्ची घेऊन उभी राहिली. "आत्ता तर शीर होती."

"आत्ताही तडाच होता. लादी घेतली तेव्हाच मला ठाऊक होतं."

मग तिने खुर्ची खाली ठेवली, बापाचे दोन्ही हात पालथे करून नखं बघितली आणि म्हणाली, "मी लहान असताना विचारलं होतं, बाबा, एकच नख का कापता. तुम्ही म्हणाला होतात, कामाचं आहे."

काकांनी डावी तर्जनी मुठीत मिटून घेतली.

"आणि घरचा ओटा?" तिने विचारलं. "शेगडीच्या डावीकडची रेघ? आईला सांगितलेली शीर?"

"तोही तडाच. निम्म्या भावातला माल होता," काका म्हणाले.

"ते आईला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

काकांनी सही केलेला कागद फाडला. दुकानात मालकांनी बराच वेळ निसर्गावर भाषण दिलं. काकांनी ते शांतपणे ऐकलं, कारण ते त्यांचंच होतं. मग एवढंच म्हणाले की त्या लादीतून निघालेल्या दोन्ही पायऱ्या बदला, नाहीतर मी उद्यापासून गिऱ्हाइकांसमोर उजवं बोट वापरीन. पायऱ्या दोन दिवसांत बदलल्या. घरमालकाने धसका घेऊन सगळ्या जिन्याखाली लोखंडी आधार ठोकले आणि घराची शोभा गेली म्हणून तो अजून हळहळतो. पाळणाघर एक आठवडा उशिरा उघडलं. काकांना मालकांनी फक्त खरेदीवर ठेवलं. तक्रारींचं काम मला करशील का म्हणून विचारलं आणि वर नवं नेलकटरही देऊ केलं. मी म्हटलं, मला टेम्पोच बरा.

ओट्याचं पुढे काय झालं ते मी पुढच्याच फेरीत विचारलं. आम्ही कारखान्याच्या वाटेवर होतो.

"सांगितलं," ते म्हणाले. "भाजी चिरत होती. म्हणाली, पहिल्या वर्षीच कळलं होतं मला. म्हणून तर त्या बाजूला कधी जड काही ठेवलं नाही."